कोणते नाना?

आपल्या घरांत माणसांना नावे असतात, पण ती बहुधा रेशनकार्डावर आणि लग्नपत्रिकेत. रोजच्या वापरात असतात त्या हाका. नाना, अण्णा, बापू, ताई, माई, काकू. माझ्या आईचेच उदाहरण घ्या. धाकट्या भावांची ती ताई, दिरांची वहिनी, शेजारच्या मुलांची काकू आणि माझ्या भाच्याची आजी. हाका चार, पण बाई एकच. उलट आमच्या इमारतीच्या जिन्यात उभे राहून कोणी नुसते ‘ताई’ म्हणून ओरडले, तर तीन मजल्यांवर तीन दारे उघडतात. हाक एक, बाया तीन. तरी यातून कधी घोटाळा झाल्याचे ऐकिवात नाही. हाक कोणत्या घरातून आली हे आपण पाहतो, त्यावरून माणूस ठरवतो आणि पुढच्या कामाला लागतो. असे काही आपण पाहिले, हेही आपल्या ध्यानात राहत नाही.

यंत्राला मात्र ही गोष्ट शिकवावी लागते. ती शिकवताना चांगली शिकलेली माणसे रात्र रात्र जागतात, हे मला गेल्या पावसाळ्यात भाच्यामुळे पाहायला मिळाले.

आमचे भाचेबुवा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहेत आणि मुक्काम आमच्याकडे. दिवसा नोकरी, आणि रात्री जेवणे आटोपली की स्वारी पुन्हा यंत्रापुढे. एकदा आईने विचारले, “आता कसलं काम रे?”

“आजी, एका लायब्ररीत बग निघालेत. ते काढतोय.”

आई लगेच म्हणाली, “कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल कपाटात. आणि वेखंडाची पूड. कसर पुन्हा येणार नाही.”

तो हसला, पण लायब्ररी म्हणजे काय ते त्याने तिला नीट सांगितले. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सगळे स्वतः लिहीत नाही. सुतार काही रंधा आणि करवत स्वतः घडवत नाही, तसेच हे. नेहमी लागणारी अवजारे कोणीतरी एकदा करून ठेवतो आणि बाकीचे ती वापरतात. अशा अवजारांच्या पेटीला म्हणायचे लायब्ररी. ही पेटी तर सर्वांना खुली होती. कोणीही आतले लिखाण वाचावे, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. पैसे मात्र कोणी देत नाही.

“पगार नाही, आणि रात्रीचा जागतोस?”

“मामा वाड्यातल्या गणपतीसाठी रात्री जागायचा, तेव्हा त्याला पगार होता का?”

यावर आईचा प्रश्न मिटला. माझी उत्सुकता मात्र वाढली, कारण त्याच्या बोलण्यात ‘नेमस्पेस’ हा शब्द वरचेवर येऊ लागला. नावांचे काही प्रकरण असेल तर मराठीच्या मास्तराला तिथे बसण्याचा थोडा अधिकार पोचतो, असे समजून मी खुर्ची ओढून घेतली.

त्याचे असे आहे. एक्सएमएल नावाची एक लिहिण्याची पद्धत आहे. डब्ल्यूथ्रीसी ही जागतिक संस्था महाजालाचे नियम ठरवते. तिने १० फेब्रुवारी १९९८ रोजी ही पद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली. तिच्यात प्रत्येक मजकुराला चिठ्ठी लावायची. कोनी कंसात ‘गाव’ लिहायचे, मग ‘मिरज’, आणि मग पुन्हा कोनी कंसात तिरकी रेघ देऊन ‘गाव’. म्हणजे मिरज हे गावाचे नाव आहे, माणसाचे नव्हे, हे यंत्राला कळते. आणि मला विशेष बरे वाटले ते याचे की, या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून देवनागरीतही लिहिता येत होत्या.

ही पद्धत आपल्या फार जवळ आली आहे. २००७ च्या वर्डपासून आपण जी डॉक्स फाइल करतो, ती म्हणजे एक्सएमएलच्या कागदांची बांधलेली पुरचुंडीच असते. ईपब पद्धतीचे मराठी पुस्तक फोनवर वाचले तर त्याच्याही पोटात हेच. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, तेव्हा बँकाबँकांमधले त्याचे निरोपही याच पद्धतीने रचले गेले. भाजीवालीला वीस रुपये पाठवताना आपल्याला याचा पत्ता नसतो, आणि तो असण्याचे कारणही नाही.

अडचण येते ती दोन ठिकाणचे कागद एकत्र आले की. समजा, एका संगीत नाटक मंडळीने आपल्या नोकरांची यादी केली. तिच्यात प्रत्येकाचे ‘पद’ लिहिले. व्यवस्थापक, हार्मोनियमवादक, कपडेपटवाला. दुसऱ्या कोणी नाटकातल्या गाण्यांची यादी केली. तिच्यातही ‘पद’ आहे, पण ते दुसऱ्या अंकातले यमन रागातले. दोन्ही याद्या एका कागदावर आल्या, तर यंत्र भैरवीला वेतनश्रेणी लावील आणि हार्मोनियमवादकाला ताल विचारील. शब्दात दोष नाही. मराठीत दोन्ही पदे तितकीच खरी आहेत. फक्त ती दोन वेगळ्या घरांतली आहेत आणि कागदावर घराची खूण नाही.

ही खूण कशी करावी याचा नियम १४ जानेवारी १९९९ रोजी आला. त्याचेच नाव नेमस्पेस, म्हणजे नावांचे घराणे म्हणा ना. प्रत्येक नावाला एक घराणे जोडायचे. पण साऱ्या जगात दुसऱ्या कोणाचे नसेल असे घराण्याचे नाव आणायचे कुठून? त्यांनी युक्ती काढली. महाजालावरचा पत्ता ज्याने घेतला त्याचाच असतो. तेव्हा त्या पत्त्यालाच आडनाव करा. आता एवढे लांबलचक आडनाव प्रत्येक चिठ्ठीवर कोण लिहिणार? म्हणून कागदाच्या वरच्या बाजूला एकदाच सांगून टाकायचे की, या कागदावर ‘सेवा’ म्हणजे अमुक घराणे आणि ‘गीत’ म्हणजे तमुक घराणे. मग खाली ‘सेवा:पद’ आणि ‘गीत:पद’ असे सुटसुटीत लिहायचे. या छोट्या उपपदाला ते प्रीफिक्स म्हणतात. मधल्या विसर्गासारख्या दोन टिंबांची जागा १९९८ च्या नियमातच या कामासाठी राखून ठेवली होती.

मला लगेच आमच्या घरातल्या हाका आठवल्या. प्रीफिक्स म्हणजे हाक. ती त्या कागदापुरती. दुसऱ्या कागदावर तेच घराणे ‘संगीत’ या हाकेने येईल, तिसऱ्यावर नुसते ‘ग’ असेल. हाक बदलली तरी माणूस तोच. एका कागदाच्या आत खोलवर गेल्यावर कोणी हाकेचा अर्थ बदलूही शकतो. तशा वेळी जवळचे सांगणे खरे धरायचे, दूरचे मागे पडते. माहेरी गेलेल्या बाईने ‘नाना’ म्हटले तर आपण सासरचे नाना धरत नाही, तसेच. जेम्स क्लार्क या जाणकार गृहस्थांनी १९९९ मध्येच हे समजावताना हाक बाजूला ठेवली आणि पूर्ण घराणे महिरपी कंसात लिहून त्यापुढे नाव मांडले. नावाचे खरे रूप ते. हाक केवळ हाताच्या सोयीसाठी.

घराण्यांची तुलना करण्याचा नियम मात्र कडक आहे. अक्षराला अक्षर जुळले पाहिजे. शेवटी एक तिरकी रेघ जास्त असली तरी घराणे वेगळे. मोठ्या लिपीतले रोमन अक्षर छोटे झाले तरी वेगळे. अलीकडे संकेतस्थळांचे पत्ते सुरक्षित म्हणून ‘एचटीटीपी’चे ‘एचटीटीपीएस’ झाले. काही टापटिपीच्या माणसांनी घराण्यांच्या नावांतही तो ‘एस’ घातला, आणि यंत्राच्या दृष्टीने सगळे कूळच बदलले. कारण ते दिसायला पत्त्यासारखे असले तरी पत्ता नव्हेच. तिथे कोणी राहत असलेच पाहिजे असे नाही. पण पत्ता दिसला की जाऊन दार वाजवावेसे वाटते, माणसाला आणि यंत्रालाही. डब्ल्यूथ्रीसीने २००८ च्या फेब्रुवारीत जाहीर तक्रार केली होती की, वर्षानुवर्षे न बदललेल्या व्याकरणाच्या कागदांसाठी त्यांच्या दारी जगभरचे प्रोग्रॅम दिवसाला १३ कोटींपर्यंत फेऱ्या मारतात. एकदा नेऊन घरी ठेवावा असा तो कागद!

एखाद्या कागदात कोणत्या चिठ्ठ्या असाव्यात, कोणत्या क्रमाने, कुठे आकडा हवा, कुठे तारीख, हे सांगणारी वेगळी नियमावली असते. तिला स्कीमा म्हणतात. तिचे प्रमाण मे २००१ मध्ये आले. भाच्याची लायब्ररी हे स्कीमा वाचून कागद तपासण्याचे काम करी. आणि तिच्यात घराण्यांच्या बाबतीत तीन चुका निघाल्या होत्या.

पहिली चूक अगदी मनुष्यस्वभावाला धरून होती. स्कीमाच्या स्वतःच्या शब्दांना ‘एक्सएस’ किंवा ‘एक्सएसडी’ अशी हाक मारण्याचा प्रघात आहे. लिहिणाऱ्याने लायब्ररीत एके ठिकाणी घराणे न पाहता या दोन हाकाच ओळखल्या होत्या. सगळे प्रघाताने वागत होते तोवर काही बिघडले नाही. मग कुठल्याशा देशातून कोणीतरी तिसरीच हाक वापरलेला कागद आला. नियमाप्रमाणे तो बिनचूक होता. लायब्ररीने तो साफ नाकारला.

हे ऐकताना आई भाजी निवडत होती. ती एकदम म्हणाली, “पेन्शनवाल्यांनी माझं केलं, ते हेच.”

तिचे म्हणणे खरे होते. माझे वडील गेल्यावर तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद केले. वडिलांच्या सेवापुस्तकात तिचे सासरचे नाव. जन्मतारखेचा एकच पुरावा, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, आणि त्यावर माहेरचे नाव. नुसते आडनाव नव्हे, तर पहिले नावही वेगळे. तिच्या लग्नात ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने नवे नाव लिहून ते सर्वांना ऐकवले होते. मांडवातल्या शंभर दीडशे माणसांना दोन्ही नावे एका मुलीची आहेत हे ठाऊक होते. पण तांदूळ गोळा झाले, त्यांचा भात झाला, आणि नोंद कुठेच राहिली नाही. पन्नास वर्षांनी कचेरीतल्या माणसाने दोन कागद शेजारी ठेवले आणि शांतपणे म्हटले, “या दोन बाया वेगळ्या आहेत.”

मी म्हटले, “मग हा दाखला हिच्याजवळ कसा?”

“ते आम्हाला सांगता येणार नाही.”

लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. पत्रिका सापडली, तिच्यात ‘चि. सौ. कां.’ पुढे माहेरचे नाव. म्हणजे तीही दुसऱ्याच बाईची साक्षीदार! शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र केले, राजपत्रात नाव छापून आणले, आणि सात महिन्यांनी माझी आई कागदोपत्री एक झाली.

“तुझं यंत्र काय म्हणालं असतं?” आईने नातवाला विचारले.

तो थोडा थांबला. “यंत्रही दोनच बायका म्हणालं असतं, आजी. दोन घराणी एकच आहेत असं सांगायची सोयच त्या नियमात नाही.”

“मग त्या कचेरीत आणि तुझ्यात फरक काय?”

“आम्ही कोणती अक्षरं जुळवणार ते आधी लिहून ठेवलेलं असतं. कोणालाही वाचता येतं. तुला कोणी लग्नातच सांगितलं असतं की दोन्ही नावांचा कागद करून ठेव, तर केला असतास ना?”

“केला असता,” आई म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

दुसरी चूक अधिक गुंतागुंतीची. कधी कधी स्कीमाचा एखादा तुकडा मुद्दाम बिनआडनावाचा ठेवतात. समजा, पत्ता कसा लिहावा याचा तुकडा. घर क्रमांक, रस्ता, गाव, पिन. तो मागणीपत्राच्या स्कीमाने आत घेतला की मागणीचे आडनाव लावतो, देयकाच्या स्कीमाने घेतला की देयकाचे. घेणाऱ्याचा रंग घेतो म्हणून या मंडळींनी त्याला सरड्याचे नाव दिले आहे. आता आमची लायब्ररी हुशार. एकदा वाचलेला कागद पुन्हा वाचायचा नाही, म्हणून कोणता कागद कुठून आणला याची ती वही ठेवी. मागणीपत्रासाठी तिने पत्त्याचा तुकडा वाचला, मागणीचे आडनाव दिले, वहीत खूण केली. पुढे देयकाने तोच तुकडा मागितला. लायब्ररीने वही पाहिली, “हा वाचलेला आहे,” असे म्हणाली, आणि मागणीच्या आडनावाचाच पत्ता देयकाच्या हातात ठेवला.

हे शोधायला त्याला पंधरा रात्री लागल्या. तक्रारीबरोबर जो कागद आला होता तो हजारो ओळींचा. भाच्याने काय केले, तर त्यातून एकेक ओळ काढत गेला. ओळ काढायची आणि चूक अजून होते का ते पाहायचे. होत असेल तर ती ओळ निरपराध. असे करत शेवटी अवघ्या बावीस ओळी उरल्या, आणि त्यांत गुन्हेगाराला लपायला जागाच नव्हती. दुरुस्ती त्या मानाने किरकोळ. वहीत कागद कुठला एवढेच न लिहिता, तो कोणाच्या घरी गेला हेही लिहायचे. त्या बावीस ओळी त्याने टाकून दिल्या नाहीत. लायब्ररीच्या चाचण्यांत कायमच्या ठेवल्या, म्हणजे उद्या कोणी काही बदलले आणि ही चूक परत आली तर ती लगेच ओरडून सांगेल.

मला वाटले, झाले काम. पण खरी अडचण पुढेच होती. ही चूक इतकी जुनी होती की लोक तिच्यासह संसार करू लागले होते. देयकात मागणीच्या आडनावाचा पत्ता लिहिला तरच लायब्ररी तो मानते, हे कित्येकांनी अनुभवाने ओळखले होते आणि तसेच कागद ते तयार करीत होते. दुरुस्ती केली की काल चाललेले त्यांचे कागद आज नाकारले जाणार. एका परदेशी गृहस्थाने तर कळकळीने लिहिले की, आमचे चालले आहे ते बिघडवू नका.

भाचा दोन दिवस अस्वस्थ होता. नियमाप्रमाणे तो बरोबर, पण लोकांनी तरी काय गुन्हा केला? अवजाराने दिलेल्या उत्तरावर त्यांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या बाजूला, ज्यांनी नियम वाचून कागद केले ते इतकी वर्षे नाकारले जात होते आणि बहुधा स्वतःलाच चुकीचे समजत होते. त्यांची तक्रार कोणी लिहिली नव्हती, म्हणून ती नव्हतीच असे थोडेच?

या वेळी आईचे सात महिने त्याच्या मदतीला आले असावेत. त्याने सुचवले आणि लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी मानले ते असे. पुढच्या आवृत्तीत जुने कागद चालतील, पण प्रत्येक वेळी सूचना मिळेल की, या ओळीत आडनाव चुकले आहे, खरे आडनाव अमुक, आणि त्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीत हे चालणार नाही. म्हणजे नियम कडकच राहिला, पण अडवण्याआधी सांगितले गेले, आणि काय दुरुस्त करायचे तेही सांगितले गेले.

राहिली तिसरी चूक. ती पुरती गेलेली नाही आणि पुरती जाणारही नाही. चिठ्ठीवर लिहिलेली हाक यंत्राला दिसते. पण कधी कधी हाक मजकुराच्या आत असते. ‘या ठिकाणचा प्रकार: सेवा:पद’ असे एखाद्या किमतीच्या जागी लिहिलेले असते. कागद नीटनेटका करणारा प्रोग्रॅम बाहेरच्या चिठ्ठ्यांवरच्या हाका बदलतो किंवा कागदाचा तुकडा कापून दुसऱ्या लिफाफ्यात घालतो. आतला मजकूर तो मजकूर म्हणून सोडून देतो. मग नव्या लिफाफ्यात ‘सेवा’ ही हाक उरते, पण सेवा म्हणजे कोण हे सांगणारी ओळ जुन्या कागदावरच राहिलेली असते. डिजिटल सही केलेल्या कागदांत हे फार नडते. त्यासाठी २००२ मध्ये एक नियम झाला. सही केलेला तुकडा हलवताना त्यात ज्या हाका उघड वापरल्या आहेत त्यांचीच घराणी बरोबर न्यायची. आणि मजकुरात लपलेल्या हाकांचे काय? त्यांची एक यादी द्यायची. यंत्राला त्या दिसत नाहीत, तेव्हा ज्याला ठाऊक आहे त्याने ती यादी हाताने द्यायची.

ही हाताने द्यायची यादी माझ्या डोक्यात बसली. कारण आमच्या माळ्यावर आईची एक लोखंडी ट्रंक आहे, आणि तिच्यात तिला आलेली पोस्टकार्डे नि आंतर्देशीय पत्रे आहेत. मी ती अधूनमधून वाचतो. जुन्या मराठी पत्रांच्या भाषेची मला गोडी आहे. पण त्या पत्रांत माणसे आहेत ती सगळी हाकांनी. ‘नानांना भेटून मगच निघावे.’ ‘बापूंची तब्येत तशीच.’ ‘अक्कांचे पैसे पोचले.’ लिहिणाऱ्याने कोण नाना हे लिहिले नाही, कारण ते पत्र ज्या घरात जायचे होते तिथे ते सांगण्याची गरज नव्हती. पत्र ट्रंकेत पडले, घरे पांगली, आणि हाका तेवढ्या शाईत राहिल्या. ज्या एका माणसाला त्या सगळ्यांची घराणी ठाऊक आहेत, ते माणूस पंचाहत्तरीला आले आहे.

गणपती झाल्यावर आम्ही बसलो. आई, भाचा आणि मी. पत्रावर पेन्सिलीने क्रमांक घालायचा, आणि वहीत त्या क्रमांकापुढे हाक आणि पूर्ण नाव, गाव, नाते. एकूण १४३ पत्रे निघाली. एकट्या ‘नाना’ या हाकेचे तीन मालक सापडले. एक आईचे थोरले काका, एक माझ्या वडिलांचे मामेभाऊ, आणि एक गावातले किराणा दुकानदार, ज्यांच्या दुकानात निरोप ठेवायची सोय होती. कोणत्या पत्रात कोणते, हे आई पाठवणाऱ्याचे अक्षर पाहून झटकन सांगे. “हे माझ्या भावाचं पत्र, म्हणजे काका. हे सासूबाईंनी सांगून लिहवलेलं, म्हणजे मामेभाऊ.” लायब्ररी दुरुस्त केल्यावर जे करू लागली, ते ती मुळातच करीत होती. आधी पत्र कोणत्या घरचे ते पाहायचे, मग हाकेचा अर्थ. काही पत्रांत तिला तिच्या माहेरच्या नावाने लिहिलेले होते. त्या हाकेपुढे मी काय लिहावे म्हणून थांबलो, तर ती म्हणाली, “लिही, मीच ती.”

पाच हाका मात्र सुटल्या नाहीत. त्यांतल्या एका कार्डावर १९७४ चा शिक्का आहे. गावाचे नाव पुसट झाले आहे, खाली सही नाही. मजकूर दोनच ओळींचा. माई काल गेल्या, तुम्ही लांबून येण्याची घाई करू नये. आईने ते कार्ड बराच वेळ हातात धरले. उजेडाकडे नेले, उलटून पाहिले.

“हे वाचून मी तेव्हा रडले असेन,” ती म्हणाली, “पण कोण माई, ते आठवत नाही रे.”

मी दोनतीन नावे सुचवली. त्यांतली एक माई १९७४ नंतरही होती, दुसरीला सगळे जिजी म्हणत. भाचा म्हणाला, “अंदाजानं लिहू नका, मामा. लायब्ररीही अशा ठिकाणी अंदाज करत नाही. ओळ सांगते आणि थांबते.” मग वहीत ८७ क्रमांकापुढे ‘माई’ लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली.

आईची एक चुलत बहीण मिरजेला आहे. तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि अजून तिला सगळे स्वच्छ आठवते म्हणतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे तिकडे जाणार आहोत. वही आणि ती पाच पत्रे आताच पिशवीत भरून ठेवली आहेत.